हुन्नर आहे, दाखला नाही

मुंबई-हावडा लोहमार्गावर गोंदिया सोडून पूर्वेकडे निघालेली गाडी आमगाव आणि सालेकसा मागे टाकून दरेकसाला येते, तेव्हा महाराष्ट्राची हद्द संपत आलेली असते. पलीकडे छत्तीसगड सुरू होते. उर्वरित महाराष्ट्राला हे गाव ठाऊक आहे ते तीन कारणांनी : हाजरा धबधबा, माघ पौर्णिमेची कचारगडची यात्रा आणि नक्षलवादी चळवळीच्या बातम्यांत वर्षानुवर्षे येत राहिलेले ‘दरेकसा दलम’ हे नाव. परदेशगमनाच्या चर्चेत या गावाचा उल्लेख होण्याचे वरकरणी काही कारण दिसत नाही. तो प्रश्न मुंबई-पुण्याच्या अभियंत्यांचा आणि डॉक्टरांचा, अशीच सर्वसाधारण समजूत आहे. परंतु मोबाइल फोनने ही समजूत खोटी ठरविली आहे. ‘कॅनडात कायम वास्तव्य मिळवा’ अशी जाहिरात जी पुण्यात दिसते, तीच दरेकसातही दिसते. आणि त्या जाहिरातीत जे व्यवसाय मोजून दाखविलेले असतात, त्यांत ‘ध्वनी व चित्रमुद्रण तंत्रज्ञ’ हाही एक असतो. लग्नसराईत कॅमेरा खांद्यावर घेऊन हिंडणाऱ्या आणि नाटकाच्या मांडवात रात्रभर ध्वनियंत्रणेपाशी बसणाऱ्या तरुणाने ते वाचून ‘हे तर आपलेच काम’ असे म्हटले, तर त्याचे काही चुकले असे म्हणता येणार नाही.

हे काम तो खरोखरच करीत असतो. गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूर हा झाडीपट्टीचा मुलूख. दिवाळी झाली की येथे गावोगाव मंडई भरते, दंडार होते, नाटके लागतात आणि हा हंगाम होळीपर्यंत चालतो. पुढे उन्हाळ्यातील लग्नसराई येते. हजारोंच्या जमावापुढे उघड्या मांडवात नटाचा शब्द शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट पोहोचविणे, वादकांचा आवाज गायकावर चढू न देणे, विजेचा दाब मध्येच उतरला असता यंत्र सांभाळणे, आणि रात्रभराचे चित्रण दुसऱ्या दिवशी कापूनजोडून गिऱ्हाइकाच्या हाती देणे, ही सामान्य माणसाच्या आटोक्यातील कामे नव्हेत. ती शिकायला वर्षे लागतात. मात्र ती शिकली जातात कोणा ओळखीच्या दुकानात, उमेदवारी करून, बहुधा नुसत्या चहापाण्यावर. त्या शिक्षणाची कोठे नोंद होत नाही. मोबदला मिळतो तो रोख. करार होतो तो तोंडी. हुन्नर आहे, परंतु दाखला नाही. आणि परदेशाच्या दारात उभे राहिल्यावर नेमका दाखलाच मागितला जातो.

गुणांचा हिशेब

कॅनडाने १९६७ साली स्थलांतरितांची निवड गुणपद्धतीने करण्यास आरंभ केला. तत्पूर्वी अर्जदार कोणत्या देशाचा व कोणत्या वंशाचा याला महत्त्व होते. त्यानंतर शिक्षण, भाषा, वय आणि व्यवसाय यांना आले. आशिया खंडातील माणसास ते दार उघडले गेले ते या बदलामुळे, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. जानेवारी २०१५ पासून ही निवड ‘एक्स्प्रेस एंट्री’ या संगणकीय व्यवस्थेतून होऊ लागली. कॅनडाच्या व्यवसायसूचीत प्रत्येक कामास पाच अंकी क्रमांक आहे. ध्वनी व चित्रमुद्रण तंत्रज्ञांचा क्रमांक ५२११३. यातील पहिला ५ कला व संस्कृतीचे क्षेत्र दर्शवितो, आणि दुसऱ्या स्थानावरील २ हा आकडा कामाची पायरी सांगतो : महाविद्यालयीन पदविका किंवा तत्सम प्रशिक्षण लागणारे काम. चित्रपट व व्हिडिओ कॅमेरा चालविणाऱ्याचा क्रमांक वेगळा आहे, ५२११०. आपल्याकडील ‘शूटिंगवाला’ ही दोन्ही कामे एकटाच करतो. तेथील अर्जात मात्र त्याला आपले प्रमुख काम कोणते ते आधी ठरवावे लागते.

कुशल कामगारांच्या संघीय योजनेत २०२५ पर्यंतच्या नियमांप्रमाणे शंभरपैकी किमान ६७ गुण आवश्यक आहेत. हा हिशेब कोणत्याही विद्यार्थ्यास पाटीवर मांडता येईल. समजा, तरुणाचे वय तीस आहे. त्याचे १२ गुण. सहा वर्षांहून अधिक अनुभव सिद्ध झाला तर १५. शिक्षण बारावीपर्यंत असल्यास केवळ ५. इंग्रजीच्या परीक्षेत चारही अंगांत किमान पातळी, म्हणजे सातवी, गाठली तर १६. बेरीज होते ४८. इंग्रजी अगदी उत्तम, नवव्या पातळीचे असले तरी भाषेचे २४ धरून बेरीज ५६ च्या पुढे जात नाही. तोच तरुण पदवीधर असेल तर शिक्षणाचे २१ मिळतात. परंतु इंग्रजी सातव्या पातळीचे राहिले तर बेरीज ६४, म्हणजे पुन्हा अनुत्तीर्ण. आठव्या पातळीस ती ६८ होते आणि उंबरठा ओलांडला जातो. पत्नीचे भाषाज्ञान किंवा तेथे असलेला जवळचा नातेवाईक यांचे थोडे गुण मिळू शकतात. परंतु ज्या घरातून आजवर कोणी परदेशी गेलेच नाही, त्या घराला नातेवाईकाचे गुण कोठून मिळणार?

लक्षात घेण्याची गोष्ट ही की या साऱ्या मोजणीत ध्वनी ऐकण्याच्या कानाला आणि चौकट पकडणाऱ्या डोळ्याला एकही गुण नाही. परीक्षा इंग्रजीची होते, शिक्षणाच्या कागदाची होते, वयाची होते. कामाची परीक्षा कोणी घेत नाही. कामाचा पुरावा तेवढा मागितला जातो.

पुराव्याची अडचण

खरी गाठ पडते ती याच ठिकाणी. अनुभवाचे पत्र मालकाच्या लेटरहेडवर हवे. त्यात कामाचे स्वरूप, आठवड्याचे तास आणि वेतन नमूद हवे. किमान एक वर्षाचा पूर्णवेळ अनुभव सलग हवा, म्हणजे आठवड्यास तीस तासांप्रमाणे १५६० तास. अथवा तेवढेच तास भरणारे अर्धवेळ काम. झाडीपट्टीतील तंत्रज्ञाचे वर्ष मात्र पंचांगाप्रमाणे चालते. दिवाळीपासून ज्येष्ठापर्यंत त्याला दिवसरात्र उसंत नसते. आषाढ लागला की चातुर्मास सुरू होतो, लग्ने थांबतात, मांडव उतरतात आणि तो धानाच्या रोवणीला लागतो. त्याने वर्षभरात १५६० तासांहून अधिक काम केलेले असेल. पण ते सलग होते हे तो कसे दाखविणार?

स्वतःचा धंदा करणाऱ्याचा अनुभव या योजनेत ग्राह्य आहे. परंतु त्यासाठी धंद्याची मालकी, धंद्यातून मिळालेले उत्पन्न आणि ज्यांचे काम केले त्यांनी दिलेले, रकमेसह लेखी दाखले लागतात. आपल्याकडे कोणतीही गोष्ट सिद्ध करावयाची म्हटली की माणूस तहसील कचेरीबाहेर बसलेल्या मुद्रांकविक्रेत्याकडे धावतो आणि प्रतिज्ञापत्र करून आणतो. कॅनडाचा नियम स्पष्ट सांगतो की, स्वतःच्या कामाविषयी स्वतःच केलेले निवेदन किंवा प्रतिज्ञापत्र हा पुरावा मानला जाणार नाही. येथे ज्या कागदावर अर्धे व्यवहार चालतात, तो कागद तेथे कोरा ठरतो.

एवढे करूनही ६७ गुण म्हणजे निवड नव्हे. ते गुण मिळविणारा केवळ उमेदवारांच्या यादीत जातो. तेथे १२०० गुणांची दुसरी क्रमवारी लागते आणि वेळोवेळी वरच्या उमेदवारांना बोलावणे जाते. २०२३ पासून त्या सरकारने विशिष्ट गटांसाठी स्वतंत्र फेऱ्या सुरू केल्या : आरोग्यसेवा, विज्ञान व अभियांत्रिकी, बांधकामाचे धंदे आणि फ्रेंच भाषा जाणणारे इत्यादी. त्या गटांत ध्वनिमुद्रकाचा व्यवसाय नव्हता. कलाक्षेत्रात स्वतंत्रपणे काम करणाऱ्यांसाठी एक निराळी योजना होती. आपल्या तंत्रज्ञाला ती अधिक जवळची ठरली असती. ३० एप्रिल २०२४ पासून तिचे नवे अर्ज घेणे थांबविण्यात आले. त्याच वर्षी ऑक्टोबरात कॅनडाने कायम वास्तव्य देण्याच्या एकूण संख्येतही कपात जाहीर केली. घरांची टंचाई आणि तेथील जनमत ही त्यामागील कारणे होती. परकी सरकारे आपली गरज पाहून दार उघडतात आणि गरज सरली की लोटून घेतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. परंतु ज्याने शेत विकून तयारी केली असेल त्याला हे आधी ठाऊक असावयास हवे.

दलालाची शेती

ही माहिती आणि तो तरुण यांच्यामध्ये जी मोकळी जागा उरते, तेथे दलाल उभा राहतो. वस्तुतः ‘एक्स्प्रेस एंट्री’त नाव नोंदविण्यास काहीच शुल्क नाही, शुल्क लागते ते बोलावणे आल्यानंतरच्या अर्जाला. मोबदला घेऊन सल्ला द्यावयाचा तर सल्लागार कॅनडातील अधिकृत मंडळाचा परवानाधारक अथवा तेथील वकील असावा लागतो, आणि त्याचे नाव सार्वजनिक यादीत तपासता येते. नोकरीचे बनावट पत्र लाखो रुपयांना विकण्याचा धंदाही जोरात चालला होता. २५ मार्च २०२५ पासून त्या सरकारने नोकरीच्या प्रस्तावाचे गुण दुसऱ्या क्रमवारीतून काढून टाकले, ते मुख्यतः या फसवणुकीला आळा घालण्यासाठीच. खोटा अनुभव दाखविणारा पकडला गेला तर त्याला पाच वर्षे अर्ज करता येत नाही. पत्र तयार करणारा दलाल मात्र मोकळाच राहतो.

भारतात १९८३ चा उत्प्रवास कायदा आहे. परदेशी नोकरीसाठी माणसे भरती करणाऱ्या दलालास त्याखाली नोंदणी करावी लागते आणि त्याच्या मोबदल्यावर ३०,००० रुपये व त्यावरील कर अशी मर्यादा आहे. हा कायदा आखाती देशांकडे जाणारा मजूर डोळ्यांपुढे ठेवून झाला. ‘नोकरी नव्हे, कायम वास्तव्य मिळवून देतो’ म्हणणारा सल्लागार त्याच्या चौकटीत नीटसा बसत नाही. पंजाबने २०१२ साली अशा सल्लागारांना परवाना सक्तीचा करणारा कायदा केला. कायद्याने फसवणूक संपली असे नाही. तथापि फसलेल्या माणसाला दाद मागण्यासाठी एक दार तरी मिळाले.

पोहोचल्यानंतर काय, हाही विचार आवश्यक आहे. कॅनडातील चित्रपट व दूरचित्रवाणीचे काम मुख्यत्वे टोरोंटो, व्हँकुव्हर आणि माँट्रियल या शहरांत एकवटले आहे, आणि त्यातील मोठा भाग हॉलिवूडच्या निर्मितीवर चालतो. २०२३ च्या मे महिन्यात अमेरिकेतील लेखकांनी आणि जुलैत नटांनी संप पुकारला, तेव्हा कॅनडातील तंत्रज्ञही घरी बसले. मोठ्या निर्मितीवर कामगार संघटनेच्या सभासदांना अग्रक्रम असतो, आणि नवागतास ते सभासदत्व एका दिवसात मिळत नाही. तेव्हा कायम वास्तव्याचा शिक्का म्हणजे ध्वनिमुद्रणाची नोकरी, असे समीकरण कोणी मांडू नये.

दामल्यांना किती गुण मिळाले असते?

या क्षेत्राचा आपला स्वतःचा इतिहास मोठा बोलका आहे. १९३१ साली मुंबईत ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट तयार झाला, तेव्हा ध्वनियंत्र लावण्यासाठी विल्फर्ड डेमिंग हा अमेरिकन तंत्रज्ञ आला होता. त्याचा दिवसाचा मेहनताना शंभर रुपये, त्या काळी डोळे फिरविणारा. निर्माते आर्देशिर इराणी यांना तो परवडेना. म्हणून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती विद्या त्याच्याकडून पाहून घेतली आणि स्वतः मुद्रण केले. दुसऱ्याच वर्षी प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट आला. त्याच्या ध्वनीची बाजू विष्णुपंत दामले यांनी सांभाळली. दामले हे मूळचे पडदे रंगविणाऱ्या कलावंतांच्या हाताखाली तयार झालेले कारागीर. ध्वनिमुद्रण त्यांना कोणत्या महाविद्यालयाने शिकविले नव्हते. यंत्र पुढे ठेवून ते शिकले. पुढे राजकमल कलामंदिरात मंगेश देसाई यांनी ध्वनिमिश्रणात असा लौकिक मिळविला की सत्यजित राय यांच्यासारखा चोखंदळ दिग्दर्शक आपले चित्रपट घेऊन त्यांच्याकडे येत असे.

दामल्यांनी आज ५२११३ या क्रमांकाखाली अर्ज केला असता तर त्यांना किती गुण मिळाले असते, हा प्रश्न थट्टेचा वाटला तरी थट्टेचा नाही. प्रभातच्या ज्या आवारात दामले वावरले, तेथेच १९६० साली पुण्याची चित्रपट संस्था उभी राहिली आणि ध्वनिमुद्रणाचे रीतसर शिक्षण देऊ लागली. त्या संस्थेतून बाहेर पडलेले रसूल पुकुट्टी २००९ साली ऑस्करचे मानकरी ठरले. म्हणजे उमेदवारीतून दाखल्यापर्यंतचा रस्ता आपल्याकडे झाला आहे. पण तो पुण्यात झाला आहे. दरेकसापासून पुण्याच्या त्या फाटकापर्यंतचे अंतर केवळ किलोमीटरांत मोजून भागत नाही. त्या संस्थेत जागा मूठभर, प्रवेश अखिल भारतीय परीक्षेने, आणि पहिली अट पदवीची.

आपल्याच घरचा दाखला

परदेशाने आपल्या तरुणाला कुशल मानले नाही याची खंत करण्यापूर्वी, आपण त्याला कुशल मानले काय, हा प्रश्न विचारावयास हवा. बँकेने त्याला यंत्रांसाठी कर्ज नाकारताना जे कारण दिलेले असते, तेच कारण परदेशाच्या कचेरीत पुढे येते : उत्पन्नाचा पुरावा नाही, प्रशिक्षणाचा कागद नाही. अनुभवातून मिळविलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची तरतूद प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत २०१५ पासून आहे. मनोरंजन व माध्यमांच्या क्षेत्रासाठी स्वतंत्र कौशल्य परिषदही आहे. झाडीपट्टीच्या नाट्यहंगामात वडसा-देसाईगंज किंवा गोंदिया येथे परीक्षक आणून चालू प्रयोगातच तंत्रज्ञांची परीक्षा घेणे अशक्य नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक्सचे धडे देणारे शिक्षक आहेत, कार्यशाळा आहेत. पावसाळ्याच्या रिकाम्या महिन्यांत ध्वनी-चित्रमुद्रणाचा वर्ग तेथे चालू शकतो. अशा छोट्या प्रमाणपत्राने कॅनडाचे २१ गुण मिळणार नाहीत, हे खरे. परंतु बँकेपुढे, जिल्हा परिषदेच्या निविदेपुढे आणि पुढील शिक्षणाच्या दारात ते हाती असेल.

काही गोष्टी तर शासनाची वाट न पाहता होण्याजोग्या आहेत. १ जुलै २०२० पासून चालू असलेली ‘उद्यम’ नोंदणी विनामूल्य आहे. प्रत्येक कामाची तारखेसह पावती फाडणे, रक्कम बँकेतून किंवा मोबाइलवरून घेणे आणि हिशेबाची वही ठेवणे, एवढ्याने चार-पाच वर्षांत धंद्याचा इतिहास उभा राहतो. शाळामास्तरांनी दहावी-बारावीच्या मुलाला एवढे सांगितले, आणि कचेरीतील कारकुनाने असा तरुण मेजासमोर आला असता ‘उद्या या’ म्हणण्याऐवजी अर्ज भरून दिला, तरी पुष्कळ साधेल.

दोन दशकांपूर्वीपर्यंत बुद्धिगळतीची मोठी चर्चा चाले. डॉक्टर-अभियंत्यांवर देशाने खर्च केला, ते निघून गेले, म्हणून तक्रार करण्याचा देशाला अधिकार होता. दरेकसाच्या मुलावर कोणी काय खर्च केला? ज्याचे शिक्षण शासनाने केले नाही, ज्याचा हुन्नर शासनाने नोंदविला नाही, त्याला ‘जाऊ नकोस’ असे सांगण्याचा नैतिक अधिकार कोणास उरतो? त्याने जावे की राहावे, हे त्याने ठरवावे.

तथापि तो गेला तर काय जाते याचा हिशेब समाजाने अवश्य करावा. दरेकसाजवळच्या कचारगडला माघ पौर्णिमेस महाराष्ट्र, छत्तीसगड, मध्य प्रदेश आणि तेलंगणातून गोंड भाविक येतात. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांच्या कथा, पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेली गीते, त्या डोंगरात गायिली जातात. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे ३० लाख होते. तरी ती घटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही, आणि तिच्या शाळा अपवादानेच आढळतात. जी भाषा मुख्यतः आवाजात जगते, तिचे ग्रंथालय म्हणजे ध्वनिमुद्रण. १९४० च्या दशकात आदिलाबादच्या गोंडांचा अभ्यास करण्यास फ्यूरर-हाइमेनडॉर्फ हे ऑस्ट्रियन पंडित आले. त्यांनी घेतलेली छायाचित्रे आणि चित्रफिती आज लंडनच्या विद्यापीठात जपून ठेवलेल्या आहेत. गोंडांची स्मृती पाहावयाची तर लंडनला जावे लागते, आणि ती टिपू शकणारा गोंदियाचा तरुण परदेशाच्या रांगेत उभा असतो, हा योग विचार करावयास लावणारा आहे.

कचारगडची गीते, झाडीपट्टीची दंडार, म्हाताऱ्या गायकांची कंठस्थ आख्याने यांच्या पद्धतशीर मुद्रणाचे काम विद्यापीठे, आकाशवाणी आणि आदिवासी विकास विभाग यांनी ठरविले तर वर्षानुवर्षे पुरेल इतके आहे. ते काम पावसाळ्यातही चालेल. त्याला नेमणूकपत्र असेल, वेतनाची पावती असेल, तासांची नोंद असेल. असे काम तीन वर्षे केलेला तरुण पुढे कॅनडाला जावयाचे म्हणाला, तर त्याच्या हाती खरा कागद असेल आणि कोणा दलालाच्या पाया पडावे लागणार नाही. राहावयाचे म्हणाला, तर राहण्याजोगे काम असेल. दोन्ही वाटांना लागणारा दाखला एकच आहे, आणि तो ओटावाहून यावयाचा नसून गोंदिया, नागपूर आणि मुंबई येथूनच दिला जावयाचा आहे.